भित्तिपत्रकांचे दप्तर कोणी सांभाळावयाचे?

२०२५ च्या जून महिन्यात अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात स्थलांतरितांच्या धरपकडीविरुद्ध निदर्शने झाली. अध्यक्ष ट्रम्प यांनी कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांचा विरोध डावलून तेथे नॅशनल गार्डचे सैनिक धाडले आणि पुढे काही दिवस जगभरच्या वृत्तपत्रांतून त्या शहराची छायाचित्रे झळकत राहिली. त्या छायाचित्रांतील माणसांच्या हातांत जे कागद आणि पुठ्ठे होते, त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहिले नाही. साहजिकच आहे. निदर्शने संपतात, लोक पांगतात, सैनिकांचे काय होणार याची चर्चा न्यायालयात सुरू होते आणि रस्त्यावर पडलेले कागद दुसऱ्या दिवशी सकाळी सफाई कामगार गोळा करून नेतात. निषेधाचा कागद हा निषेधापुरता असतो, अशीच आपली सर्वांची समजूत आहे.

ही समजूत खोटी ठरविण्याचे काम त्याच लॉस एंजेलिस परिसरातील एक संस्था पस्तीस वर्षांहून अधिक काळ करीत आहे. ‘सेंटर फॉर द स्टडी ऑफ पोलिटिकल ग्राफिक्स’ हे तिचे नाव. १९८८ साली कॅरोल वेल्स या कला-इतिहासाच्या प्राध्यापिकेने ती स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातील राजकीय भित्तिपत्रके जमवावयाची, त्यांची नोंद करावयाची, ती नीट जतन करावयाची आणि विषयवार प्रदर्शने मांडून ती गावोगाव फिरवावयाची, असा तिचा उद्योग आहे. आज तिच्या संग्रहातील भित्तिपत्रकांची संख्या ९०,००० च्या घरात आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळातील अमेरिकन, व्हिएतनामी आणि क्यूबन भित्तिपत्रके शेजारी शेजारी लावणारे ‘डेकेड ऑफ प्रोटेस्ट’ किंवा अमेरिकेतील तुरुंगव्यवस्थेवरील ‘प्रिझन नेशन’ ही तिची प्रदर्शने त्या देशात बरीच गाजली. एखाद्या राजवाड्याचे, सरदार घराण्याचे किंवा सरकारी खात्याचे दप्तर सांभाळले जाते हे आपण समजू शकतो. ज्यांच्याजवळ खाते नव्हते, शिक्का नव्हता आणि बहुतेक वेळा पैसाही नव्हता अशा लोकांचे हे दप्तर आहे.

संस्थेच्या जन्माची हकीकत वेल्स यांनी अनेकदा सांगितली आहे आणि ती सांगण्यासारखी आहे. १९८१ साली त्या निकाराग्वात गेल्या होत्या. सोमोझा घराण्याची हुकूमशाही उलथून दोन वर्षे झाली होती. आदल्याच वर्षी त्या देशाने एक विलक्षण साक्षरता मोहीम राबविली होती. शहरांतील हजारो विद्यार्थी खेड्यांत जाऊन राहिले आणि पाच महिन्यांत निरक्षरांचे प्रमाण सुमारे ५० टक्क्यांवरून १३ टक्क्यांच्या आसपास आले, असे सरकारी आकडे सांगत होते. आकड्यांबद्दल पुढे वाद झाले, ते असोत. वेल्स ज्या घरी उतरल्या होत्या तेथील भिंतीवर कॉफीच्या बिया वेचणाऱ्या एका स्त्रीचे भित्तिपत्रक होते. नवा देश उभारता उभारता आपण नवी स्त्री घडवीत आहोत, अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता. घरात आलेला आठेक वर्षांचा एक मुलगा त्या चित्रापाशी थबकला, एकेक अक्षर लावीत त्याने तो मजकूर मोठ्याने वाचला आणि त्याचा अर्थ काय असावा याचा विचार करू लागला. भित्तिपत्रक माणसाशी नेमके काय करते हे आपल्याला त्या क्षणी उमगले, असे वेल्स म्हणतात. रंगाने नजर खेचली गेली, नजर ठरली म्हणून अक्षरे वाचली गेली आणि वाचल्यावर प्रश्न पडला. सरकारने वाटलेल्या पुस्तिकेने हे काम त्या मुलाच्या बाबतीत केले असते की नाही, याची शंकाच आहे.

या निकाराग्वाकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे. तत्पूर्वी, अर्थशास्त्राच्या शिक्षकाला जे दिसते ते थोडे मांडतो.

स्वस्ताईचा महिमा

भित्तिपत्रक हे मूलतः गरिबाचे माध्यम आहे. वृत्तपत्र काढावयाचे तर छापखाना, कागद, कचेरी आणि वितरण एवढी यंत्रणा लागते; नभोवाणी आणि दूरचित्रवाणी ही तर सरकारची किंवा धनिकांची. याउलट लाकडी चौकटीवर ताणलेले कापड, एक रबरी पट्टी आणि शाई एवढ्या भांडवलावर ‘स्क्रीन प्रिंटिंग’ चालते. १९६८ च्या मे महिन्यात पॅरिसच्या ललितकला विद्यालयाचा ताबा विद्यार्थ्यांनी घेतला तेव्हा त्यांनी आरंभी दगडी छापावर काम केले. कारखाने, विद्यापीठे आणि एकजूट एवढेच तीन शब्द असलेले त्यांचे पहिले भित्तिपत्रक तसे छापले गेले. पण त्या रीतीने रात्रभर राबूनही प्रती मोजक्याच निघत. मग कोणीतरी स्क्रीनची युक्ती आणली आणि शहराच्या भिंती रातोरात भरू लागल्या. संपावर असलेल्या वृत्तपत्र कामगारांनी उरलेसुरले कागदाचे गुंडाळे पुरविले. कोणाच्याही चित्राखाली सही नव्हती; कोणते चित्र छापावयाचे हे रोजच्या सभेत ठरे. जून महिन्याच्या अखेरीस पोलिसांनी विद्यालय रिकामे केले, तोपर्यंत शेकडो निरनिराळी भित्तिपत्रके तेथून बाहेर पडली होती.

येथे अर्थशास्त्रातील एक गंमत आहे. जी वस्तू स्वस्त असते ती कोणी जपत नाही. कोणी जपत नाही म्हणून ती दुर्मिळ होते. आणि दुर्मिळ झाली की ती महाग होते. सोने जपून ठेवले जाते म्हणून शतकानुशतके टिकते. फुकट वाटलेला कागद मात्र पन्नास वर्षांत सोन्यासारखा दुर्मिळ होऊ शकतो. पॅरिसची ती भित्तिपत्रके आज युरोपातील लिलावांत बोली लावून विकली जातात. ज्यांनी ती भिंतींवर चिकटविली त्यांना हा व्यवहार खचितच आवडला नसता. भरीला वृत्तपत्री कागद आम्लधर्मी असतो. उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडतो, मग तपकिरी होतो आणि घडीवर तुटतो. म्हणजे बाजाराला त्याची किंमत कळेपर्यंत निसर्गाने आपले काम उरकलेले असते. मधल्या तीस-चाळीस वर्षांत, जेव्हा त्याला किंमत नसते, तेव्हा त्याला कोणीतरी सपाट कप्प्यात, आम्लरहित कागदात ठेवावे लागते. हे ‘कोणीतरी’ बाजार निर्माण करीत नाही. अशा वेळी सरकारकडे किंवा दानशूर व्यक्तींकडे पाहावयाचे, असे पाठ्यपुस्तकात आम्ही विद्यार्थ्यांना शिकवितो.

पाठ्यपुस्तकातील हे उत्तर भित्तिपत्रकांना लावावयाचे म्हटले की पंचाईत होते, कारण यातील बहुतेक कागद सरकारच्याच विरोधात आणि पुष्कळदा दानशूर मंडळींच्याही विरोधात असतात. याचे एक ठसठशीत उदाहरण अमेरिकेतीलच आहे. १९६८ साली व्हिएतनाममधील माय लाय या गावी अमेरिकन सैनिकांनी नि:शस्त्र गावकऱ्यांची कत्तल केली. सैन्याचा छायाचित्रकार रोनाल्ड हेबर्ली याने काढलेले मृतदेहांचे छायाचित्र पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कमधील कलावंतांच्या एका गटाने त्या छायाचित्रावर, दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत एका सैनिकाला विचारलेला ‘आणि लहान मुलेही?’ हा प्रश्न आणि त्याचे तेच होकारार्थी उत्तर एवढेच शब्द छापून भित्तिपत्रक करावयाचे ठरविले. न्यूयॉर्कचे ‘म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट’ आरंभी या योजनेत सामील होते. संग्रहालयाच्या विश्वस्तांत बडे उद्योगपती होते. भित्तिपत्रकाचा नमुना वरपर्यंत गेला आणि संग्रहालयाने अंग काढून घेतले. मग छपाई कामगारांच्या संघटनेच्या साहाय्याने ५०,००० प्रती छापल्या गेल्या आणि त्या वाटण्यात आल्या. १९७० च्या जानेवारीत कलावंतांनी त्याच संग्रहालयात, पिकासोच्या ‘गेर्निका’ या चित्रासमोर, ते भित्तिपत्रक हातात धरून निदर्शने केली. आज ते भित्तिपत्रक त्याच संग्रहालयाच्या संग्रहात मानाने नांदत आहे! मोठ्या संस्था निषेधाचा सत्कार करतात खऱ्या, पण तो निरुपद्रवी होईपर्यंत थांबून. मधल्या काळात तो जपणारे हात दुसरेच असतात.

प्रदर्शनाला पॅरिसचा आक्षेप

अशा संग्रहाविरुद्ध सर्वांत सडेतोड आक्षेप घेतला तो भित्तिपत्रके काढणाऱ्यांनीच. पॅरिसच्या त्या कार्यशाळेने आपल्या चित्रांचे पुस्तक निघाले तेव्हा बजावून ठेवले होते की, ही लढ्याची हत्यारे आहेत. त्यांची जागा रस्त्यावर आणि कारखान्याच्या भिंतीवर आहे. ती शोभेसाठी दिवाणखान्यात टांगणे किंवा कलाकृती म्हणून त्यांची वाखाणणी करणे म्हणजे त्यांचा हेतू बुडविणे होय. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तलवार संग्रहालयाच्या काचेआड गेली की ती कापत नाही. नव्वद हजार तलवारी एका छपराखाली आणल्या तर त्यांचे शस्त्रागार होईल की शवागार, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच म्हणावा लागेल.

मला स्वतःला हा आक्षेप अर्धाच पटतो. दक्षिण आफ्रिकेचा अनुभव मला येथे अधिक बोलका वाटतो. वर्णद्वेषी राजवटीतून परागंदा झालेल्या कलावंतांनी शेजारच्या बोट्स्वानातील गाबोरोन येथे ‘मेडू आर्ट एन्सेम्बल’ नावाचा गट चालविला होता. तेथे छापलेली भित्तिपत्रके चोरून दक्षिण आफ्रिकेत नेली जात. १९८५ च्या १४ जून रोजी दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने सरहद्द ओलांडून गाबोरोनमध्ये रात्री छापा घातला. त्यात बारा माणसे ठार झाली आणि त्यांत थामी म्न्येले हा त्या गटाचा प्रमुख चित्रकार होता. ज्या राजवटीला परक्या देशात शिरून चित्रकाराला ठार करावेसे वाटते, तिला भित्तिपत्रकाची ताकद कलासमीक्षकांपेक्षा अधिक कळलेली असते. त्या देशात असे कागद घरात ठेवणे धोक्याचे होते. तरीही लोकांनी ते ठेवले. १९८८ मध्ये ‘साउथ आफ्रिकन हिस्टरी आर्काइव्ह’ ही संस्था वर्णद्वेषाची राजवट अद्याप चालू असतानाच उभी राहिली आणि १९९१ साली, म्हणजे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तीन वर्षे आधी, तिच्या वतीने त्या दशकातील भित्तिपत्रकांचे ‘इमेजेस ऑफ डिफायन्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते काम लढा संपल्यावर निवांतपणे केलेले नव्हते. लढणाऱ्यांनी लढता लढताच आपले दप्तर बांधले होते. मेडूची ती भित्तिपत्रके २०१९ साली शिकागोच्या प्रसिद्ध कलासंग्रहालयात मांडली गेली. त्यांवरील घडीच्या खुणा आजही वाचता येतात. नेत्रसुखापलीकडे संग्रहाचा उपयोग कोणता, याचे उत्तर त्या खुणांत आहे. कागद किती वेळा दुमडला गेला, कोठे टाचण्या लागल्या, मागच्या बाजूस कोणी काय खरडले, यावरून तो किती हातांतून आणि कोणत्या वाटेने गेला हे समजते. क्यूबातून ‘ट्रायकॉन्टिनेंटल’ मासिकाच्या अंकांत घडी घालून जगभर पाठविलेली भित्तिपत्रकेही अशीच घडीवरून ओळखू येतात. हे ज्ञान चित्राच्या छायाचित्रातून मिळत नाही. त्यासाठी मूळ कागदच हवा.

आता निकाराग्वाकडे.

क्रांती आणि तिचे कागद

ज्या सॅन्डिनिस्टा पक्षाच्या राज्यात त्या मुलाने ते भित्तिपत्रक वाचले, त्याच पक्षाचे नेते डॅनिएल ओर्तेगा २००७ पासून पुन्हा सत्तेवर आहेत. २०१८ च्या एप्रिलमध्ये सामाजिक विम्याच्या नियमांतील बदलावरून तेथे विद्यार्थी आणि निवृत्तिवेतनधारक रस्त्यावर आले. आंदोलन चिरडताना ३०० हून अधिक माणसे मारली गेली आणि पुढे निदर्शनांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. २०२३ च्या फेब्रुवारीत २२२ राजबंद्यांना विमानात घालून अमेरिकेत धाडण्यात आले आणि त्यांचे नागरिकत्व काढून घेतले गेले. त्यांत दोरा मारिया तेयेस होत्या. १९७८ साली सोमोझाच्या संसदभवनाचा ताबा घेणाऱ्या पथकातील त्या एक सेनानी. पाठोपाठ आणखी ९४ जणांचे नागरिकत्व गेले. ओर्तेगा यांच्याच पहिल्या राजवटीतील उपाध्यक्ष आणि विख्यात कादंबरीकार सेर्हियो रामिरेस त्यांत होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जेझुइट पंथीयांचे मध्य अमेरिकन विद्यापीठ ‘दहशतवादाचे केंद्र’ म्हणून सरकारने जप्त केले. या विद्यापीठात निकाराग्वा आणि मध्य अमेरिकेच्या इतिहासाची एक संशोधन संस्था होती, तिचे ग्रंथालय आणि दप्तरखाना होता. तोही जप्तीबरोबर सरकारच्या ताब्यात गेला.

यातील विपर्यास पाहावा. क्रांतीतून आलेल्या राजवटीला आता क्रांतीच्या स्मृतीचीच अडचण होऊ लागली आहे, कारण १९८० सालची भित्तिपत्रके आज रस्त्यावर लावली तर ती सरकारविरोधी ठरतील! आणि त्या काळातील भित्तिपत्रके संशोधकाला निर्धास्तपणे पाहावयाची झाली, तर त्याने जावे कोठे? ज्या अमेरिकेने त्या क्रांतीविरुद्ध बंडखोरांना पैसा आणि शस्त्रे पुरविली त्या देशात, लॉस एंजेलिसला. परक्यांनी आमचा वारसा उचलून नेला, असा आक्षेप पौर्वात्य आणि दक्षिणेकडील देश पाश्चात्त्य संग्रहालयांवर घेतात आणि मूर्तींच्या किंवा हस्तलिखितांच्या बाबतीत तो पूर्णपणे न्याय्य आहे. परंतु भित्तिपत्रकाची जात वेगळी. मूर्ती एकच असते. भित्तिपत्रकाच्या शेकडो प्रती असतात. एक प्रत परदेशी गेल्याने घरची प्रत कमी होत नाही. उलट घरची प्रत नष्ट झाली तर परदेशची प्रत हाच विमा ठरतो. २०१२ च्या जूनमध्ये मुंबईच्या मंत्रालयाला आग लागली तेव्हा एकच प्रत असण्याचे परिणाम आपण पाहिले आहेत.

पण विमा उतरविणारी कंपनीच डबघाईला आली तर? अमेरिकेतील चित्र आज आश्वासक नाही. २०२५ च्या मार्चमध्ये अध्यक्षीय आदेशाने ग्रंथालये आणि संग्रहालये यांना साहाय्य देणाऱ्या संघराज्य संस्थेचे काम कमीत कमी करण्याचे फर्मान निघाले. एप्रिलमध्ये मानव्यविद्यांच्या राष्ट्रीय निधीने मंजूर झालेली हजाराहून अधिक अनुदाने रद्द केली. हे वाद न्यायालयांत गेले. मार्चच्याच दुसऱ्या एका आदेशाने स्मिथसोनियनच्या संग्रहालयांतील ‘विभाजक’ विचारसरणीचा बंदोबस्त करावयाचे ठरले आणि ऑगस्टमध्ये आठ संग्रहालयांतील प्रदर्शनांची झडती घेण्याचे पत्र राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातून गेले. अर्थात स्मिथसोनियन आणि लॉस एंजेलिसची ही लहानशी संस्था यांची तुलना होऊ शकत नाही. तरी दिशा एकच आहे. सरकारी अनुदान हे आज दिले आणि उद्या काढून घेतले असे होऊ शकते, हे एकदा दिसून आले की अनुदान घेणारी प्रत्येक संस्था पुढील प्रदर्शनाचा विषय निवडताना दहा वेळा विचार करते. हुकूमनाम्यापेक्षा हा विचारच अधिक काम करतो. नोकरशाहीत वावरणाऱ्या वाचकांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

एक गोष्ट मात्र या संस्थेविरुद्धही नोंदविली पाहिजे. तिचा संग्रह मुख्यतः पुरोगामी आणि डाव्या चळवळींचा आहे. युद्धविरोध, नागरी हक्क, स्त्रीमुक्ती, कामगार, पर्यावरण हे तिचे विषय आहेत. तिच्या स्थापनेचा हेतू लक्षात घेता हे समजण्यासारखे आहे आणि हेतू लपविलेलाही नाही. परंतु भित्तिपत्रकाने द्वेषही तितक्याच प्रभावीपणे पसरविता येतो. त्या मुलाला थांबविणारा रंग कोणत्याही पक्षाच्या डब्यातून येऊ शकतो. एखाद्या काळात एका भिंतीवर शेजारी शेजारी काय काय चिकटविले होते हे कळल्याशिवाय त्या काळाचा वाद समजत नाही आणि केवळ एका पक्षाचे म्हणणे जपणारे दप्तर कितीही मोठे असले तरी ते वकिलाचे दप्तर राहते. ॲमस्टरडॅमच्या सामाजिक इतिहासाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेसारखी, १९३५ पासून चळवळींचे कागद जमविणारी आणि चिनी सरकारी भित्तिपत्रकांपर्यंत पल्ला असलेली संस्था या बाबतीत अधिक व्यापक आहे, असे माझे मत आहे.

आपल्याकडील कायदा आणि रद्दी

आपल्याकडे काय आहे? १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह आणखी तीन ग्रंथालयांकडे पाठवावयाची असते. या कायद्यातील ‘पुस्तक’ शब्दाच्या व्याख्येत पुस्तिका येते, स्वरलिपीचा सुटा कागद येतो, नकाशा आणि आराखडाही येतो. भित्तिपत्रकाचे नाव तेथे नाही. निवडणुकीच्या भित्तिपत्रकाची गोष्ट निराळी. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमान्वये त्यावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव हवे आणि त्याची एक प्रत जिल्हाधिकारी किंवा राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. म्हणजे मते मागणाऱ्या कागदाची प्रत सरकारदरबारी जाते; न्याय मागणाऱ्या कागदाची जात नाही. त्याच्या वाट्याला येतो तो १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा. भिंती स्वच्छ असाव्यात याबद्दल कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. पण नागरिकाच्या भित्तिपत्रकाला ओळखणारा आपल्याकडील कायदा तेवढा एकच असावा, हे चमत्कारिक आहे. १८६७ च्या मुद्रण कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि गाव घालण्याची सक्ती केली होती. परकी सरकारचा तो पाळत ठेवण्याचा बंदोबस्त होता; पण तळाशी असलेल्या त्या बारीक ओळीमुळेच आज एखाद्या जुन्या कागदाचा ठावठिकाणा लागतो. २०२३ साली आलेला नवा कायदा नियतकालिकांपुरताच आहे. संगणकावर तयार होऊन भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या आजच्या चित्राला तर तशी ओळच नसते.

खाजगी प्रयत्न अगदीच नाहीत असे नाही. दिल्लीच्या ‘झुबान’ या प्रकाशन संस्थेने देशभरच्या स्त्री-संघटनांकडून सुमारे दीड हजार भित्तिपत्रके मिळवून ‘पोस्टर विमेन’ हा संग्रह उभा केला आणि २००६ साली त्याचे पुस्तक केले. त्या चळवळीचा एक उगम महाराष्ट्रात आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील मथुरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पोलिसांना निर्दोष सोडले, १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि १९८० मध्ये मुंबईसह अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. निकालपत्र ग्रंथालयात आहे, खुले पत्र छापलेले आहे, दुरुस्तीचा कायदा राजपत्रात आहे. रस्त्यावर आलेल्या स्त्रियांनी स्वतःच्या शब्दांत काय लिहून आणले होते, हे मात्र ज्या मोजक्या कार्यकर्त्यांनी आपल्या माळ्यावर कागद ठेवले त्यांच्यामुळेच कळते.

माळे सर्वांचेच नसतात. मी पूर्वी ज्या महाविद्यालयात शिकवीत होतो तेथे विद्यार्थी मंडळाच्या खोलीत एक लोखंडी कपाट होते. शुल्कवाढ, दुष्काळ, विद्यापीठ नामांतर, गिरणी कामगारांना पाठिंबा असे वीस-पंचवीस वर्षांचे कागद त्यात गुंडाळून ठेवलेले होते. हाताने रंगविलेले, काही छापलेले, काही एकमेकांच्या विरुद्ध बाजूंचे. बाहेरून तपासणी समिती येणार म्हणून इमारतीची रंगरंगोटी निघाली तेव्हा ते कपाट रिकामे करण्यात आले. रद्दी बारा रुपये किलोने गेली. पावती फाईलला लागली, कारण पावतीचे जतन करण्याविषयी नियम आहे. मला हे दुसऱ्या दिवशी समजले. कोणी वाईट हेतूने केले असे मी म्हणणार नाही. कपाटाची गरज होती आणि त्या कागदांचा मालक कोण हे कोणालाच माहीत नव्हते. मीही त्या खोलीत दहा वर्षे जात-येत होतो आणि त्यांची साधी यादी करावी असे मला कधी सुचले नव्हते.

मोठे राष्ट्रीय संग्रहालय उभारावे अशी मागणी करणे सोपे आहे; मी ती करणार नाही. जे सरकार इमारत देईल ते पुढे विषयही ठरवील, हे वर पाहिलेच आहे. त्यापेक्षा जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालयांची आणि सार्वजनिक वाचनालयांची ग्रंथालये हे काम वाटून घेऊ शकतील. नकाशे ठेवण्याचे सपाट खणांचे एक कपाट, आम्लरहित कागदाचे काही गठ्ठे, तारीख, ठिकाण आणि देणाऱ्याचे नाव लिहिण्याची एक नोंदवही, एवढीच सामग्री लागेल. कोणत्याही पक्षाचा कागद नाकारावयाचा नाही, एवढा एकच नियम. इतिहासाच्या आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी जे प्रकल्प करावे लागतात, त्यांतील एक हा असावयास हरकत नाही. येत्या निवडणुकीच्या सुमारास, किंवा त्याआधीच कांद्याच्या भावावरून एखादा मोर्चा निघेल तेव्हा, सुरुवात करता येईल. मोर्चा पांगल्यावर आणि सफाई कामगार येण्यापूर्वी अर्धा तास मिळतो.